कुणी न मोजलेलं साठ

नीलाक्का भांडखोर होत्या, हे हुमनाबादेत कुणीही सांगेल. मिलचे मुनीम सांगतील, बसस्टँडसमोरचा हॉटेलवाला सांगेल, ज्यांच्याशी त्या कधी चार शब्द बोलल्या नाहीत तेही सांगतील. त्या कशावरून भांडायच्या, हे मात्र कुणी सांगत नाही. परवा एका मिलच्या पूजेला गेलो होतो. तिथं पेढा गालात धरून एकजण म्हणाला, "बाई गेली हैदराबादला पोरीकडं, गाव शांत झालं." सगळे हसले. एके काळी मीही हसलो असतो. आता कानशिलं तापतात. म्हणून लिहायला बसलोय, आणि जे लिहिणार आहे त्यातलं बरंच माझ्या तोंडावर येणार आहे. येऊ दे.

हायवेला लागून अक्कांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. तूरडाळीच्या मिलना लागणारे कंट्रोल पॅनेल आम्ही तिथं बनवायचो. आम्ही म्हणजे अक्का, दोन वायरमन आणि मी. मी मुडबीचा, बिदरला डिप्लोमा केलेला. अक्का आधी गुलबर्ग्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या. तिथल्या प्रिन्सिपॉलशी वाजलं आणि बाहेर पडल्या. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या करडगीतलं, म्हणजे छोट्या डबीतलं, लिंग, कमरेला खोचलेला टेस्टर. चालायच्या अशा, की समोरचा आपण काय चुकलो ते आठवायला लागायचा.

पॅनेल चालवणारा प्रोग्राम आम्ही लिहीत नव्हतो, काढत होतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकोनी डबे मांडायचे आणि एका डब्यातून दुसऱ्यात रेघा ओढायच्या. एक डबा तूर वाळवणाऱ्या ड्रायरचा ताप घेतो, दुसरा तो ठरवलेल्या आकड्याशी ताडून बघतो, तिसरा बर्नर चालू नाहीतर बंद करतो. बघणाऱ्याला पोरखेळ वाटावा. डब्याच्या डाव्या अंगाला माहिती आत घेणारी तोंडं असतात, आणि प्रत्येक तोंडाशी एक छोटी जागा. रेघेतून काहीच आलं नाही तर कोणता आकडा धरायचा, तो त्या जागेत लिहून ठेवायचा. त्याला डिफॉल्ट म्हणतात. आपण काही लिहिलं नाही तर सॉफ्टवेअर आपल्या मनानं शून्य धरतं.

नीलाक्का भांडायच्या त्या या बोटभर जागेवरून. मी त्यांची पुष्कळ भांडणं जवळून पाहिली. नीट बघितलं तर सगळी या एकाच जागेवरून होती.

पहिल्याच आठवड्यात मी काढलेला ड्रायरचा प्रोग्राम त्यांनी पुढ्यात ओढला.

"ताप मोजणाऱ्या प्रोबची तार तुटली. आता?"

"आकडा यायचा न्हाई, अक्का."

"मग?"

"डबा शून्य धरंल."

"मग?"

हा 'मग' त्यांचा. उत्तर दिलं की 'मग', त्याचं उत्तर दिलं की पुन्हा 'मग'. शेवटापर्यंत पोचल्याशिवाय सुटका नाही, आणि शेवटापर्यंत पोचायची सवय आमच्यात कुणालाच नव्हती.

"शून्य म्हंजे ड्रायर बर्फावानी गार हाय," त्या म्हणाल्या. "गार हाय म्हणून डबा काय करंल? बर्नर पेटवंल. पेटवतच ऱ्हाईल. तार तुटलीय हे त्याला कुणी सांगावं? तू तर घरी बसून जेवायलास." मग कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. "दोनशे लिही."

"दोनशेला ड्रायर कधीच जात न्हाई की."

"म्हणूनच. तार तुटली की बोर्डावर दोनशे दिसंल, बर्नर बंद पडंल, भोंगा वाजंल, माणूस उठून बघंल. कळत न्हाई तवा गार हाय समजायचं न्हाई, तापलंय समजायचं. आणि ठेवलेला आकडा असा ठेवायचा की तो खोटा हाय हे आंधळ्याला पण कळावं. खोटा आकडा खऱ्यावानी दिसायलाय, तर तो ठेवणारा हरामखोर."

हा शेवटचा शब्द त्यांनी माझ्याकडं बघून उच्चारला नव्हता. तेव्हा नव्हता.

हीच गोष्ट त्या हॉटेलात करायच्या. रोज सकाळी आम्ही बसस्टँडसमोर चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची भजी खायचो. एकदा वेटरनं प्रेमानं विचारलं, "नेहमीचंच आणू की अक्का?"

"मी तोंड घेऊन आले न्हाई का? विचार."

"काय आणू?"

"सुसला आणि भजी."

वेटर माझ्याकडं बघत राहिला. मी चहात बघत राहिलो. पुढं त्या हॉटेलात सगळ्यांना विचारत आणि अक्कांना दोनदा विचारत. लोक याला विक्षिप्तपणा म्हणत. मीही म्हणत होतो. त्यांच्या पाठीमागं वायरमनांना हसवायला मी त्यांची नक्कलसुद्धा करायचो. चांगली जमायची मला.

एकदा वर्कशॉपवर कसल्याशा पाहणीसाठी टॅबलेट घेतलेला एक पोरगेला माणूस आला. नाव, वय विचारलं. अक्कांनी मान वाकडी करून त्याच्या पडद्यावर बघितलं. व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' आधीच आलेलं होतं. समोर उघडं पॅनेल, हातात सोल्डरिंग गन, पायाशी तारांचा ढीग, आणि तिथं गृहिणी.

"हे कुणी भरलं?"

"आपोआप येतंय मॅडम. स्त्री म्हणलं की येतंय."

"आपोआप कोण? त्याचं नाव सांग. कुटं ऱ्हातो तो?"

पोरगा घामाघूम झाला. त्यानं ते पुसलं, अक्का सांगतील ते घातलं. पुढची जागा मातृभाषेची होती. तिथंही काहीतरी आधीच येऊन बसलेलं. त्यानं भीत भीत विचारलं, "मातृभाषा काय लिहू?"

"आईशी मराठी बोलायचे, बापाशी कन्नड, नवऱ्याशी भांडायचे."

"भांडण कोणत्या भाषेत, मॅडम?"

अक्का हसल्या. मला आठवतं, कारण त्या क्वचित हसायच्या. "त्यात उर्दू बरी पडती," म्हणाल्या, आणि त्या पोराला चहा मागवला. कसला पाहिजे, ते त्याला विचारून.

मिलवाल्यांना त्यांची सगळ्यात खटकणारी रीत वेगळीच होती. पॅनेल बसलं की मिलमध्ये पूजा व्हायची. नारळ फुटायचा, हळदीकुंकू लागायचं, सावकाराचे पाहुणे पेढे खात उभे असायचे, मिल धडधडत असायची. आणि अक्का सरळ पॅनेलपाशी जाऊन एकेक तार उपटायला लागायच्या. एक तार उपटायची, काय होतं बघायचं, जोडायची. दुसरी उपटायची. बर्नर बंद, भोंगा. माल वाहणारा पट्टा बंद, भोंगा. पाहुण्यांच्या हातातले पेढे तसेच.

"पूजेच्या दिशी मशीन बंद पाडायलात, अक्का," एक सावकार चिडून म्हणाले. "अपशकुन हाय."

"आज मी पाडले, सगळे उभे हायत. उद्या उंदीर पाडंल, तवा हितं कोण आसंल?"

असं असलं तरी त्या देव नव्हत्या. त्यांना देव करून मला सुटायचं नाही. औरादकडच्या एका चिंचेच्या कोल्डरूमचं काम त्यांनी ड्रायरच्याच हिशोबानं केलं. काही कळलं नाही की सगळं बंद. एक तार ढिली झाली, थंड करणारी मशीन बंद पडली. भोंगा वाजला, पण त्या दिवशी रखवालदार लग्नाला गेलेला. माल खराब झाला. मालकानं फोन केला तर अक्कांनी त्यालाच झाडलं, रखवालदार कामून ठेवला न्हाई म्हणून. फोन ठेवला आणि गाडीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन प्रोग्राम बदलला. थंडाव्याच्या खोलीत बंद पडणं म्हणजे बिघडणं, तिथं कळेनासं झालं की चालू राहायला पाहिजे, हे त्यांनी मला समजावलं. मालकाला 'चुकलं माझं' असं मात्र म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. आम्हाला चारचौघांत सोलून काढणारी बाई, स्वतःच्या चुकीला तोंडातून एक शब्द काढत नाही. तो राग मी जपून ठेवला. पुढं तो कामाला आला, हेच मला सांगायचंय.

गावाबाहेर काशप्पा सावकारांची मिल होती, तिथल्या ड्रायरला आम्ही पॅनेल बसवलं होतं. तुरीचा हंगाम भरात आला आणि ड्रायर सारखा बंद पडायला लागला. प्रोबची तार पत्र्याला घासत गेलेली, त्यात उंदरांनी सोललेली. थरथर झाली की संपर्क तुटायचा, बोर्डावर दोनशे यायचं, बर्नर बंद, भोंगा. अक्का बघून आल्या आणि म्हणाल्या, "तार बदला. लोखंडी नळीतनं घाला. एक दिस मिल बंद ठेवा."

सावकार म्हणाले, "हंगामात एक दिस? अक्का, तुरीच्या गाड्या रस्त्यावर उभ्या हायत. तो दोनशे काढून टाका की. दुसरा कायतरी आकडा घाला."

"कोणता घालू?"

"साठ घाला. साठच असतंय रोज."

"साठ कुणी मोजलं? तुमी? मी?" अक्का उठल्या. "तार बदलायची तवा बोलवा."

आणि गेल्या. मला म्हणाल्या, "चल." मी म्हणालो, "पट्ट्याचं थोडं काम हाय, येतो मागनं." पट्ट्याचं काहीच काम नव्हतं.

सावकारांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. अक्कांच्या मागं उभं राहायची सवय असलेल्या माणसाला खुर्ची मिळाली की काय होतं, ते मला विचारा. "तू पण इंजिनियरच हायस की, दत्ता," ते म्हणाले. "औरादला बाईंनी चिंच घालवली, ते खरं का?" मी हो म्हणालो. आवडीनं हो म्हणालो. मग लॅपटॉप उघडला, त्या जागेतलं दोनशे पुसलं आणि साठ लिहिलं.

घाबरून केलं असं मी बायकोला पुढं सांगितलं. ते खोटं होतं. नुसती भीती नव्हती. मला अक्कांना एकदा चूक ठरवायचं होतं. आणि चार-आठ दिवस ते ठरलंही. ड्रायर एकदाही बंद पडला नाही. सावकार भेटले की पाठीवर हात ठेवायचे.

ड्रायरवर निर्ण्याची जनाबाई होती. तिचं काम असं, की ड्रायरच्या खालचं दार उघडून मूठभर तूर काढायची आणि दाताखाली धरायची. कट्‌कन तुटली तर वाळली, दबली तर अजून ओल आहे. मिलमध्ये मशीन किती आली तरी हा निवाडा दातावरच होतो. नियम एकच: बोर्डावर पासष्टच्या आत असेल तरच दार उघडायचं. त्या सकाळी तार पुरती तुटली. डब्याला काहीच आलं नाही म्हणून त्यानं साठ धरलं, बोर्डावर साठ दाखवलं, आणि साठ कमीच आहे म्हणून बर्नर पेटता ठेवला. आत ताप चढत गेला, तळाशी साचलेला भुसा धुमसायला लागला. बाहेर साठ. जनाबाईनं बोर्ड वाचला आणि दार उघडलं. जाळ तोंडाशी आला. तिनं उजवा हात आडवा घेतला.

सावकारांचा फोन मला आला. "अक्काला सांगायच्या आधी तू ये."

मी गेलो. जनाबाईला जीपमधून गुलबर्ग्याला नेलं होतं. मी नवी तार जोडली, जिच्यासाठी हंगामात एक दिवस मिळत नव्हता ती, अर्ध्या तासात. मग लॅपटॉप उघडला, साठ पुसलं आणि पुन्हा दोनशे लिहिलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सावकारांनी नुसतं बघितलं होतं माझ्याकडं.

अक्का त्या दिवशी उदगीरला होत्या. कळल्यावर मिलकडं न येता आधी दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी मिलमध्ये आल्या तेव्हा लेबर ऑफिसचा माणूस आलेला होता, सावकार होते, मुनीम होता, मी होतो. अक्कांनी लॅपटॉप मागितला. त्या जागेत त्यांचंच दोनशे होतं. त्यांनी फाईलची तारीख उघडून बघितली.

"ती म्हणायलीय बोर्डावर साठ होतं."

सावकार शांतपणे म्हणाले, "अक्का, तिला आकडे कुटं वाचायला येतात? न बघता उघडलं. तुमचा प्रोग्राम तर बरोबर हाय, बघा की. आमी कुटं तुमाला दोष द्यायलाव?"

"तिनं जनम घातला पोत्यावरचे आकडे वाचण्यात. तिला साठ वाचायला येत न्हाई?"

"पण दोनशे हाय की तितं. तुमचंच दोनशे."

"ही फाईल आज सेव्ह झालीय. कामून?" हे मला होतं.

"तार जोडल्यावर तपासून बघितली, अक्का. तवा सेव्ह केली."

"हितं साठ कधी होतं का?"

"न्हाई, अक्का."

मला वाटलं होतं, इथं त्या थांबतील. थांबायला काहीच हरकत नव्हती. पडद्यावरचं दोनशे त्यांना स्वच्छ सोडवत होतं. साठ होतं असं ठरलं तर प्रोग्राम त्यांच्या नावाचा, बालंट त्यांच्यावर. दोनशे होतं असं ठरलं तर जनाबाई बेसावध. खोलीतला प्रत्येकजण त्यांना वाट मोकळी करून देत होता, आणि ती बाई उभी राहून स्वतःच्याच विरुद्ध भांडत होती.

"साठ होतं," अक्का म्हणाल्या. "माझ्या प्रोग्रामात साठ होतं. लिहून घ्या."

लेबर ऑफिसचा माणूस म्हणाला, "मॅडम, पुरावा?"

"तिचा हात बघा जाऊन."

"तो दार उघडल्यानं भाजला, मॅडम."

मग अक्का ओरडल्या. सावकारांना, त्या माणसाला, मला. कन्नडमध्ये, मराठीत, उर्दूत. गावभर झालं ते हे भांडण. कहाणी अशी पसरली, की सावकार बिचारे बाईची बाजू घेत होते आणि बाई त्यांच्याच अंगावर गेली. डोकं फिरलंय. त्यानंतर मिलवाल्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं. जनाबाईला मिलकडून काही मिळालं नाही, कारण न बघता दार उघडणाऱ्याला काय मिळणार? तिची बोटं वळेनाशी झाली. मी वर्कशॉप सोडलं, स्वतःचं टाकलं, आणि अक्कांना बोलवायचे ते सगळे मला बोलवायला लागले. मी हळू बोलतो, भांडत नाही. लोकांना आवडतं.

वर्षं गेली. बायकोशिवाय कुणाला बोललो नाही. मनात ठेवून माणूस झिजतो असं म्हणतात. मी झिजलो नाही. माझं वजन वाढलं.

गेल्या हिवाळ्यात करजगीच्या बाजूला एका मिलमध्ये गेलो होतो. पॅनेल दुसऱ्याच कुणीतरी बसवलेलं, मला फक्त पट्ट्याचं बघायचं होतं. ड्रायर बंद होता, बर्नर पेटवलेलाही नव्हता. पत्र्याला हात लावला तर गार. आणि बोर्डावर साठ.

मी तिथल्या फिटरला विचारलं, हे काय. तो खूश होऊन म्हणाला, "तुमचंच हाय की, साहेब. तुमच्या लॅपटॉपवरनं घेतलेली फाईल. लई मस्त चालती, कधी बंदच पडत न्हाई. सगळीकडं तीच घालायलेत आता."

मी त्या गार ड्रायरला हात लावून उभा राहिलो. काशप्पा सावकारांच्या मिलमधलं साठ मी पुसलं होतं. पण माझ्या लॅपटॉपवर त्या आठ दिवसांच्या फाईलची दुसरी कॉपी तशीच पडून होती, आणि माझ्याकडं शिकायला येणारे तीच उचलून नेत होते. किती मिलमध्ये, मला माहीत नव्हतं. किती दारांसमोर किती बाया साठ वाचून हात घालत होत्या, मला माहीत नव्हतं.

तिथून मी सरळ अक्कांच्या घरी गेलो. मुलीकडं जायची तयारी चाललेली, भांडी गोणीत बांधलेली. केस पार पांढरे झालेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"मला म्हाईत होतं," म्हणाल्या.

"कवापासून?"

"त्याच संध्याकाळपासून. तुझं खरं असलं की तू वाद घालतोस. त्या दिशी पटकन न्हाई म्हणलास."

"तुमी कुणाला बोलला न्हाईत."

"बोलले न्हाई? ओरडले की. तुला ऐकू आलं न्हाई?" गोणीची गाठ त्यांनी पायानं दाबून आवळली. "आता कामून आलास? मी माफ करावं म्हणून?"

त्यांनी दुसरी गोणी पुढ्यात ओढली.

"किती मिलमधी गेलंय ते साठ?"

"म्हाईत न्हाई, अक्का."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर द्यायला मी लागलोय. मिल मिल फिरतोय, उघडतोय, साठ पुसतोय, दोनशे लिहितोय, आणि का पुसतोय ते तिथल्या बायांना सांगतोय. ते काम अजून संपलेलं नाही. पण त्या दिवशी अक्कांनी दाराला कडी घातली आणि माझ्या गाडीत येऊन बसल्या. आम्ही निर्ण्याला जनाबाईच्या घरी गेलो.

जनाबाई ओट्यावर शेंगा सोलत होती, डाव्या हातानं. उजव्या हातानं नुसतं दाबून धरत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "मावशी, त्या दिशी बोर्डावर साठच होतं. मी घातलं होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या अक्कांकडं. "साठ होतं हे मला कामून सांगायलास?" ती म्हणाली. "मीच वाचलं की. मला म्हाईत न्हाई का? ज्यांनी मला आंधळी ठरवलं त्यांना सांग."

पुढं लेबर ऑफिसात मी सगळं लिहून दिलं. सावकारांचा वकील आणि माझा वकील तारखा घेतायत. ते चालेल तसं चालेल. मला सांगायचीय ती त्याआधीची, जनाबाईकडं गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

कामावर यायच्या वेळेला आम्ही तिघं काशप्पा सावकारांच्या मिलमध्ये गेलो. आवारात बाया, हमाल, मुनीम. सावकार आता थकलेत, खुर्चीवर शाल घेऊन बसलेले. मी कशाला आलोय ते ऐकून म्हणाले, "किती साल झाले, दत्ता. आता कामून उकरायलास? तुझंच नुकसान हाय." आवाजात काळजी होती. खरी होती की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मी लोकांकडं तोंड करून उभा राहिलो. काल गाडीत शब्द जुळवले होते, त्यातला एकही आठवेना. म्हणालो, "बोर्डावर साठ होतं. जनाबाईंनी बघूनच उघडलं. साठ मी घातलेलं होतं, आणि मागनं मीच काढलं. त्या दिशी खोटं बोललो."

मुनीम हातातल्या मोबाइलकडं बघत होता. मागं ड्रायरचा ब्लोअर घोंघावत होता. पदराखाली हात घेऊन उभी असलेली जनाबाई शेजारच्या बाईला विचारत होती, "काय म्हणला गं? ऐकूच आलं न्हाई."

अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या.

"मोठ्यानं बोल," त्या म्हणाल्या. "ब्लोअर चालू हाय."

मी पुन्हा बोललो. शिरा ताणून, पहिल्यापासून, सगळं. बोलताना अक्कांकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. सावकारांकडंही नाही. त्या जनाबाईच्या तोंडाकडं बघत होत्या, तिला या वेळी पुरतं ऐकू जातंय का, एवढंच.